चार हजार फ्रँकमध्ये स्कीची सुट्टी : सास खोऱ्यातील एका नियोजनाचे प्रकरण

हे प्रकरण स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे आहे. वडील औषधनिर्मिती क्षेत्रातील एका कंपनीच्या संगणक विभागात नोकरीला आहेत, आई जर्मन भाषेचे वर्ग पूर्ण करून नोकरीच्या शोधात होती, मुले दहा आणि सात वर्षांची, आणि त्या हिवाळ्यात नाशिकहून आजी मुक्कामाला आल्या होत्या. पाचांपैकी कोणीही तोवर पायाला स्की बांधली नव्हती. मागणी मुलांची होती. फेब्रुवारी-मार्चच्या सुट्टीनंतर वर्गातील जवळजवळ प्रत्येक मूल स्कीच्या गोष्टी सांगते आणि आपल्याकडे सांगण्यासारखे काही नसते, ही त्यांची तक्रार होती. ती आईवडिलांना हसण्यावारी नेण्यासारखी वाटली नाही. कुटुंबाने सात रात्रींसाठी, प्रवास आणि जेवणखाण धरून, चार हजार फ्रँकची मर्यादा ठरवली. त्या वेळी एक फ्रँक साधारण शंभर रुपयांच्या आसपास होता, म्हणजे रक्कम सुमारे चार लाखांची. नाशिकच्या नजरेने पाहिले तर या रकमेला कोणी काटकसर म्हणणार नाही. मात्र आल्प्समधील नामांकित गावांत पाच माणसांचा आठवडा या पैशांत बसवणे तेथील पगारदार माणसालाही सहज जमत नाही.

पहिला आराखडा वडिलांनी एका रात्रीत केला होता आणि तो झरमॅट या नामांकित स्की गावाचा होता. मॅटरहॉर्न हे प्रसिद्ध शिखर समोर दिसेल असे हॉटेल, सर्वांसाठी डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचे सहा दिवसांचे पास, तेथेच भाड्याने घेतलेले सामान आणि दुपारचे जेवण डोंगरावर, असे धरल्यावर बेरीज सात हजार फ्रँकच्या पुढे गेली. मग त्यांनी बहुतेक जण करतात तसेच केले आणि प्रत्येक रकमेतून थोडे थोडे कापायला सुरुवात केली. हॉटेल एका ताऱ्याने खाली आणले, एक जेवण वगळले, पास सहाऐवजी पाच दिवसांचे केले, तरीही बेरीज सहा हजारांच्या खाली येईना. याचे कारण आराखड्याच्या मुळातच होते. गाव आधी ठरले होते, आठवडा कॅलेंडरने आपोआप ठरवला होता, आणि पाच जणांपैकी कोण नेमके काय करणार आहे, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

आठवड्याचा प्रश्न

डोंगरावरील केबल कार दहा माणसांसाठी चालवली काय किंवा हजारांसाठी, तिचा खर्च जवळपास तेवढाच येतो, आणि रिकाम्या राहिलेल्या खोलीची रात्र दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. म्हणून या धंद्यात मागणीच्या आठवड्यात दर निष्ठुरपणे चढतात आणि मागणी ओसरली की तेवढ्याच वेगाने उतरतात. आता अनेक मोठ्या स्की क्षेत्रांनी लिफ्टच्या पासालाही विमानाच्या तिकिटासारखे बदलते दर लावले आहेत. जागा रिकामी राहण्याची भीती येथे जुनी आहे. मिग्रो या दुकानसाखळीचे संस्थापक गॉटलीब डुटवायलर यांनी 1935 मध्ये हॉटेलप्लान ही प्रवास कंपनी काढली, तेव्हा मंदीने ओस पडलेली हॉटेले सामान्य माणसाला परवडतील अशा दरात भरणे हाच तिचा हेतू होता. जानेवारी 2015 मध्ये स्विस राष्ट्रीय बँकेने युरोच्या तुलनेत फ्रँकला घातलेली मर्यादा काढून टाकली, फ्रँक एकाएकी महागला आणि परदेशी पाहुण्यांना हा देश आणखीच परवडेनासा झाला. त्यानंतर 2016 मध्ये सास-फे गावाने संपूर्ण मोसमाचा पास 222 फ्रँकना देऊ केला. अट अशी होती की 99,999 माणसांनी तो घ्यावा. तेवढे ग्राहक मिळाले नाहीत, तरीही गावाने पास दिला. पुढच्याच वर्षी पश्चिम स्वित्झर्लंडमधील पंचवीस स्की क्षेत्रांनी एकत्र येऊन मॅजिक पास सुरू केला, तो सुरुवातीला 359 फ्रँकना मिळत असे. डोंगर महाग आहे म्हणजे तेथील सर्वच गोष्टी सर्वकाळ महाग असतात, हा समज या इतिहासात टिकत नाही.

फेब्रुवारीचा मध्य हा सर्वांत महाग काळ असतो. स्विस कँटनांच्या, म्हणजे प्रांतांच्या, क्रीडा सुट्ट्या, ब्रिटिश शाळांची सत्रमध्य सुट्टी, नेदरलँड्समधील शाळांची सुट्टी आणि फ्रान्सच्या टप्प्याटप्प्याने येणाऱ्या सुट्ट्या या काळात एकमेकींवर चढतात. शाळेत जाणारी मुले असलेल्या कुटुंबाला जानेवारीतील स्वस्त आठवडा घेता येत नाही, कारण येथे शाळा बुडवणे ही पालकांनी परस्पर ठरवण्याची बाब नाही. बाझलची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. तेथील हिवाळी सुट्टी फासनाख्त या शहराच्या कार्निव्हलला बांधलेली असते, आणि फासनाख्त ईस्टरच्या तारखेबरोबर पुढेमागे सरकतो. 2025 मध्ये ईस्टर 20 एप्रिलला असल्याने फासनाख्त 10 मार्चला सुरू झाला आणि शाळांची सुट्टी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आली. तोवर झुरिकची शाळकरी मुले वर्गात परतलेली होती आणि ब्रिटिश व डच पाहुणे घरी गेलेले होते. कुटुंबाने 8 ते 15 मार्च हा आठवडा निवडला. ज्या फ्लॅटची त्यांनी चौकशी केली होती, त्याचे भाडे फेब्रुवारीच्या मध्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी निघाले. एवढी बचत त्यांच्या पुढच्या कोणत्याही एका निर्णयातून झाली नाही.

या निवडीची किंमतही होती. फासनाख्तच्या सोमवारी पहाटे चार वाजता शहराच्या मध्यभागातील दिवे मालवले जातात आणि कंदील, बासऱ्या व ढोल घेऊन मंडळी रस्त्यावर उतरतात, त्या मोर्गेनश्ट्राइखला कुटुंबाला मुकावे लागले. बाझलच्या शेजाऱ्यांना हे कळले तेव्हा, आपल्याकडे गणपतीत पुणे सोडून जाणाऱ्याकडे पाहतात, तशा नजरेने त्यांनी पाहिले. मार्चमध्ये बर्फ मऊ पडतो, दुपारनंतर खालच्या उतारांवर तो ओल्या साखरेसारखा होतो, हेही गृहीत धरावे लागले. म्हणूनच गाव उंचावर असणे आवश्यक ठरले आणि शिकवणी सकाळी ठेवावी लागली.

नवशिक्याला डोंगर किती लागतो

दुसरा प्रश्न आईने विचारला, आणि माझ्या मते या प्रकरणातील कळीचा प्रश्न तोच आहे. ज्याला थांबता येत नाही, त्याने तीनशे किलोमीटर उतारांचा पास कशासाठी घ्यावा? पहिले दोन-तीन दिवस नवशिक्या माणूस शंभर-दीडशे मीटरच्या सौम्य उतारावर असतो. वर जाण्यासाठी तेथे सरकता पट्टा असतो, खाली येताना प्रशिक्षक स्कीची टोके जवळ आणून पाचर कशी करावी हे पुन्हा पुन्हा सांगत असतो, आणि अकरा वाजेपर्यंत मांड्या थरथरू लागतात. मोठ्या क्षेत्राचा सहा दिवसांचा पास घेतलेला नवशिक्या प्रत्यक्षात त्या पासाचा एक कोपरा वापरतो आणि बाकीच्या डोंगराचे पैसे देऊन मोकळा होतो.

याच कसोटीवर झरमॅट मागे पडले. टेशमध्ये राहून बारा मिनिटांच्या आगगाडीने रोज झरमॅटला जाण्याचा पर्याय वडिलांनी मांडला होता, आणि चांगली स्की येणाऱ्यांसाठी तो खरोखरच उपयोगी आहे. परंतु झरमॅटचा नवशिक्यांचा उतार गावात नाही. तो वर सुनेगा येथे, सुमारे 2,290 मीटरवर आहे, आणि तेथे पोहोचण्यासाठीच भुयारी रेल्वेचे भाडे मोजावे लागते. सास-फेमध्ये उलट स्थिती आहे. 1,800 मीटरवरील या मोटारमुक्त गावाच्या कडेलाच सपाट, रुंद उतार पसरलेला आहे, आणि तेथे पाहणारा माणूस तिकिटाविना उभा राहू शकतो. आजींसाठी ही बाब महत्त्वाची होती, कारण नातवंडांना पडताना पाहणे हा त्यांच्या सहलीचा निम्मा भाग होता.

मात्र मुक्काम सास-फेमध्ये न करता खालच्या सास-ग्रुंड गावात केला. हे गाव साधारण 1,560 मीटरवर, दरीच्या तळाशी आहे. दृश्य वरच्यासारखे नाही, हिवाळ्यात ऊनही उशिरा येते, आणि म्हणूनच भाडे कमी असते. पाहुण्यांकडून दर रात्री घेतल्या जाणाऱ्या स्थानिक करातून मिळणाऱ्या पाहुणाकार्डावर खोऱ्यातील पिवळी पोस्टबस मोफत असल्याने वर-खाली जाण्याचा वेगळा खर्च नव्हता. शिवाय सास-ग्रुंडचे स्वतःचे होहसास नावाचे स्की क्षेत्र आहे. तेथील गोंडोला आधी 2,400 मीटरवरील क्रॉइझबोडनला आणि पुढे तीन हजार मीटरच्या वर नेतो. सास-फेच्या तुलनेत ते लहान, पण पासही लक्षणीय स्वस्त. समोरच्या बाजूला डोमसह मिशाबेल रांगेतील चार हजार मीटरवरील शिखरे उभी असतात. 4,545 मीटर उंचीचा डोम हा संपूर्णपणे स्विस हद्दीत असलेला सर्वांत उंच पर्वत आहे, आणि मॅटरहॉर्न हुकल्याची वडिलांची हळहळ त्याने बऱ्याच अंशी भागवली.

योजना अशी ठरली. मुलांनी सोमवार ते शुक्रवार सकाळी सास-फेच्या स्की शाळेत गटात शिकावे. आईवडिलांनी दोघांत मिळून दोन तासांची खासगी शिकवणी घ्यावी आणि नंतर त्याच उतारावर स्वतः सराव करावा. चौघांनी मिळून होहसासचा पास फक्त शेवटचे दोन दिवस घ्यावा, तोही तोवर प्रगती दिसली तरच. जानेवारीत त्यांनी बाझलहून दीड तासावर असलेल्या जर्मनीतील फेल्डबर्गच्या उतारांवर एक रविवार घालवला होता. बूट कसे घालायचे, ते चावत असल्यास काय करायचे आणि पडल्यावर स्की आडवी ठेवून कसे उठायचे, हे तेथे युरोमध्ये आणि अर्ध्या खर्चात शिकून झाले. सास-फेमधील महागडा पहिला तास बुटांच्या बकलांत गेला नाही.

सामान, आगगाडी आणि स्वयंपाकघर

सामानाबाबत एक भेद लक्षात ठेवावा लागतो. मुलांचे सामान आठवड्यासाठी नव्हे, तर मोसमासाठी भाड्याने घ्यावे. शहरातील क्रीडासाहित्याची दुकाने शरद ऋतूत स्की, बूट आणि काठ्यांचा संच संपूर्ण हिवाळ्यासाठी देतात, आणि ती रक्कम डोंगरावरील एका आठवड्याच्या भाड्याहून फार जास्त नसते. मुले भराभर वाढत असल्याने विकत घेणे व्यर्थ ठरते. या कुटुंबाने दोघांचे मिळून सुमारे 220 फ्रँक दिले. मोठ्यांनी सामान सास-ग्रुंडमध्येच घेतले, परंतु इंटरनेटवरून आधी नोंदणी करून, कारण दुकानात उभे राहून घेतले तर तोच संच महाग पडतो. जॅकेट आणि पाटलोणी त्यांनी ब्रोकनहाउसमधून आणल्या. ही जुन्या वस्तूंची दुकाने बहुतेक स्विस शहरांत असतात, लोक प्रेमाने त्यांना ब्रोकी म्हणतात, आणि श्रीमंत देशातील टाकाऊ माल किती टिकाऊ असतो याचा प्रत्यय तेथे येतो. हेल्मेट मात्र नवे घेतले. एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून ओळखता येत नाही, त्यामुळे येथे काटकसर नको हा आईचा आग्रह योग्यच होता.

प्रवासात फारसे नाट्य नाही. बाझलहून बर्नमार्गे फिस्पला आणि तेथून पोस्टबसने सास-ग्रुंडला एकूण तीन तासांच्या आत पोहोचता येते. 2007 मध्ये खुल्या झालेल्या सुमारे 34.6 किलोमीटर लांबीच्या लोच्बर्ग तळबोगद्याने हे अंतर पुष्कळ कमी केले आहे. आईवडिलांकडे अर्ध्या भाड्याचे कार्ड म्हणजे हाल्बटॅक्स होते, आणि आजींसाठी पर्यटकांना मिळणारे महिनाभराचे तसेच कार्ड घेतले, जे त्यांच्या इतर फिरण्यातही वापरले गेले. हे कार्ड असणाऱ्यांना दिवसभराचा बचत पास लवकर नोंदवल्यास 29 फ्रँकपासून मिळतो, आणि त्यात पोस्टबसही येते. मुले वर्षाला 30 फ्रँकच्या ज्युनियर कार्डावर आईवडिलांबरोबर मोफत गेली. काही रक्कम रेका चलनात भरली गेली. रेका ही 1939 मध्ये कामगार आणि पगारदारांच्या सुट्ट्यांसाठी स्थापन झालेली सहकारी संस्था आहे. तिचे चलन अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांना सवलतीत देतात आणि रेल्वेपासून अनेक केबल कारपर्यंत ते चालते. वडिलांच्या कंपनीत ते वर्षानुवर्षे मिळत होते, पण परदेशातून आलेल्या कर्मचाऱ्यांपैकी फारच थोडे जण ते घेत होते.

स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेणे हा अशा सहलीतील सर्वमान्य सल्ला आहे, पण त्यात बारकावे असतात. डोंगरावरील उपाहारगृहात रोश्टीची, म्हणजे किसून परतलेल्या बटाट्याची, एक थाळी पंचवीस फ्रँकच्या आसपास जाते, म्हणजे पाच जणांचे एक साधे जेवण पाणी-कॉफीसह दीडशेच्या घरात. सहा दुपारी असे जेवल्यास नऊशे फ्रँकच्या आसपास खर्च होतो. कणीक, तांदूळ, डाळ, मसाले आणि आजींनी नाशिकहून आणलेले मेतकूट घरूनच नेले. चीज, दूध आणि भाज्या खोऱ्यातील दुकानांतून घेतल्या. सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात काही खरेदी आठ नंबरच्या ट्रॅमने सीमेपलीकडील जर्मनीतल्या वाइल आम राइन येथून केली. 1 जानेवारी 2025 पासून करमुक्त खरेदीची मर्यादा माणशी 300 वरून 150 फ्रँकवर आल्याने तेथील जुना हिशेब मात्र बदलला आहे. फ्लॅटमधील शेगडी इंडक्शनची आहे का, हे आजींच्या सांगण्यावरून आधीच विचारून घेतले. ती इंडक्शनचीच निघाली, म्हणून ॲल्युमिनियमचा कुकर घरी ठेवून स्टीलचा नेला. रोज सकाळी पोळीच्या गुंडाळ्या आणि थर्मासमध्ये चहा घेऊन मंडळी बाहेर पडत. नळाचे पाणी सर्वत्र पिण्यायोग्य असल्याने बाटल्यांचा खर्च शून्य होता. एका संध्याकाळी मात्र त्यांनी ठरवून बाहेर रॅकलेट हा वितळलेल्या चीजचा पदार्थ खाल्ला. त्याचे 120 फ्रँक आराखड्यात आधीच लिहिलेले होते, त्यामुळे कोणाच्या चेहऱ्यावर हिशेब दिसला नाही.

विम्याकडे अनेक नवखी कुटुंबे दुर्लक्ष करतात. स्वित्झर्लंडमध्ये एकाच मालकाकडे आठवड्याला आठ तास किंवा अधिक काम करणाऱ्याला कामाबाहेरील अपघाताचे संरक्षण असते. ते वडिलांना होते. आई आणि मुलांच्या आरोग्य विम्यात अपघाताचा भाग समाविष्ट आहे का, हे तपासावे लागले. मूळ आरोग्य विमा डोंगरातील बचावकार्याचा निम्मा खर्च देतो आणि तोही वर्षाला 5,000 फ्रँकपर्यंतच. पुष्कळ जण रेगा या हवाई बचाव संस्थेचे सदस्यत्व घेऊन निश्चिंत होतात, परंतु वरच्या व्हॅले प्रांतात हेलिकॉप्टर सहसा एअर झरमॅटचे येते. त्यामुळे आपला विमा नेमके काय भरून देतो, हे वाचूनच पुढे जावे. आजींच्या भारतातून घेतलेल्या प्रवास विम्यात हिवाळी खेळांचा समावेश नव्हता, म्हणून त्यांच्या वाट्याला चालणे आणि पाहणे एवढेच आले. सास-फेवरील हानिग या डोंगरावर स्कीचे उतार नसून चालण्याच्या वाटा आणि घसरगाडीचा रस्ता आहे. केबल कारने वर जाऊन तेथील उन्हात बसणे त्यांना इतके आवडले की त्या दोनदा गेल्या.

शेवटचा हिशेब

फ्लॅटचे सात रात्रींचे भाडे, शेवटची सफाई आणि पाहुणाकर मिळून 1,320 फ्रँक झाले. प्रवास 240, मुलांची स्की शाळा 500, मोठ्यांची शिकवणी 180, सर्वांचे सामान 500, सर्व प्रकारचे लिफ्टचे पास 420, किराणा 480, रॅकलेट 120 आणि हानिगच्या फेऱ्यांसह किरकोळ 60. बेरीज 3,820. ब्रोकीतील कपडे आणि हेल्मेट यात धरलेले नाहीत, कारण ते पुढील वर्षीही चालतील असे कुटुंबाचे म्हणणे आहे. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो, कारण धाकट्याची पाटलोण पुढील वर्षी नक्कीच आखूड होईल.

सर्व काही आखल्याप्रमाणे घडले असे नाही. धाकट्याला मंगळवारी रात्री ताप आला आणि शाळेच्या दोन सकाळी बुडाल्या. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर त्या भागाचे पैसे परत मिळाले, पण मागण्यासाठी आईच्या नव्या जर्मनचा चांगलाच कस लागला. त्याच्या तापामुळे होहसासचे दोन दिवस एकाच वेळी चौघांना घेता आले नाहीत. एक दिवस मोठी मुलगी आणि वडील गेले, दुसऱ्या दिवशी चौघे. लिफ्टच्या पासासाठी राखून ठेवलेल्या रकमेतून मग घसरगाड्या भाड्याने घेतल्या गेल्या. पास आधीच घेऊन ठेवले असते तर ही मोकळीक राहिली नसती. बदलत्या दरांच्या क्षेत्रात लवकर नोंदवलेला पास स्वस्त पडतो हे खरे, पण लहान मुलांसह आलेल्या नवशिक्यांना दोन-तीन दिवस थांबून दिवसाचे तिकीट घेणे बहुधा अधिक लाभाचे ठरते.

परतल्यावर वडिलांनी मॅजिक पासचा विषय काढला. सास-फेही आता त्यात आहे, आणि पुढील मोसमासाठीचा सर्वांत कमी दर वसंतातच मिळतो. दोघांनी बसून हिशेब केला. आठ-दहा दिवस तरी स्की करणार असू, तरच तो घ्यावा, असा निष्कर्ष निघाला, आणि तेवढ्या दिवसांची खात्री कोणालाच देता येईना. अडचण आणखी एक होती. 2026 मध्ये फासनाख्त 23 फेब्रुवारीला सुरू होणार होता, म्हणजे बाझलच्या शाळांची सुट्टी नेमकी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, सर्वाधिक गर्दीच्या काळात येणार होती. त्याच फ्लॅटच्या मालकिणीने त्या आठवड्याचे भाडे कळवल्यावर कुटुंबाने आठवड्याचा बेत सोडला. मुलांचे सामान पुन्हा मोसमासाठी घ्यायचे, जानेवारीचे रविवार फेल्डबर्गवर काढायचे आणि सुट्टीत तीन रात्री गोम्स खोऱ्यात सपाट भूमीवरील स्की शिकायची, असे ठरले. त्या प्रकाराला उंच लिफ्ट लागत नाही आणि सामानही हलके व स्वस्त असते. आजींनी नाशिकहून फोनवर एवढेच विचारले की तिथली शेगडी कोणती आहे.